सदावर्ताचं शेत

जबलपूर सोडून भोपाळच्या रस्त्याला लागलं, भेडाघाटचं वळण मागे पडलं, की टेकड्या संपतात आणि काळी सपाट जमीन सुरू होते. माणदेशातून आलेल्या बाईला ही जमीन पाहून आधी आनंद होत नाही, राग येतो. दगडच नाही. फर्लांगभर चालले तरी ठेच लागायला एक गोटा सापडेना. आमच्याकडे शेत म्हणजे दगड वेचून उरलेली जागा. इथे बांधसुद्धा निव्वळ मातीचे, मांडीपर्यंत उंच आणि शेताच्या चारी बाजूंनी बंद. आम्ही बांध घालतो तो पावसानं माती जाऊ नये म्हणून. यांनी बांध घातलेत ते अख्ख्या शेताचं तळं करण्यासाठी.

तळंच म्हणायचं त्याला. पाटण, शहपुरा, सिहोरा या पट्ट्याला जुनी माणसं हवेली म्हणतात आणि अशा बांधबंदिस्त शेताला बंधिया. जुनी पद्धत अशी: जुलैत पाऊस लागला की बंधिया भरू द्यायची. खरिपाचं पीक घ्यायचंच नाही. सगळा पावसाळा जमीन पाण्याखाली. आश्विनात बांध फोडून वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात, तिथून त्याच्याही खालच्या शेतात सोडत जायचं आणि वापसा आला की गहू, हरभरा, मसूर पेरायचा. गहू आणि हरभरा एकत्र पेरला तर तो बिर्रा. पेरणीपासून कापणीपर्यंत वरून एक थेंब पाणी द्यायचं नाही. खुरपणीही जवळजवळ नाही, कारण तण पाण्याखालीच कुजून गेलेलं असतं. या जमिनीचा जुना वैरी म्हणजे कांस. त्या गवताची मुळं इतकी खोल जातात की नांगर त्यापुढे हात टेकतो. तेही या कोंडलेल्या पाण्यात गुदमरतं. दुष्काळी मुलखात जन्म गेलेल्या मला हे ऐकताना विश्वास बसेना. आभाळातून पडलेलं पाणी विहिरीत नाही, धरणात नाही, थेट मातीच्या पोटात साठवायचं आणि मार्चपर्यंत त्यावर गहू पोसायचा!

हे मला ज्यांनी समजावलं त्यांना सगळं गाव कक्का म्हणतं, म्हणून मीही. कक्कांचं एक वाक्य मात्र मी लिहून घेतलं. एकट्या माणसाला हवेली करता येत नाही, असं ते म्हणाले. वरच्या शेतकऱ्यानं पाणी कधी सोडायचं हे खालच्याच्या तयारीवर ठरतं, आणि मधल्यानं अडवलं तर सगळ्यांची पेरणी हुकते. त्यामुळे पाणी सोडायचा दिवस गाव ठरवतं. मी ज्या शेताबद्दल लिहायला बसले आहे ते या सवयीतूनच आलेलं आहे, असं माझं मत झालंय. ते मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.

जबलपूर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. त्याआधी भोसल्यांचा अंमल इथे होता, तो 1817 साली इंग्रजांनी संपवला. आणि 1870 मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जोडला गेला तो जबलपुरातच. तरीही मराठी माणूस आज इथे येतो तो बहुधा एकाच कारणानं, नर्मदेच्या काठानं चालत. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’पासून तर परिक्रमा हा विषय आपल्या घराघरांत पोचला. जबलपूरच्या बाजूनं या नदीचा चालता माणूस म्हणजे अमृतलाल वेगड. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले चित्रकार. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 1977 साली, टप्प्याटप्प्यानं नदीकाठ चालायला निघाले आणि पुढची कित्येक वर्षं चालले आणि लिहीत राहिले. 2018 मध्ये ते गेले. गुजराती घरातल्या या माणसानं हिंदीत नर्मदा लिहिली आणि मराठी माणसं ती वाचून चालू लागली. नदीनं भाषांचं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आमचे धाकटे भाऊजी त्याच वाटेनं होते. कार्तिकात ओंकारेश्वराहून निघालेले. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. म्हणजे आधी दक्षिण तटानं समुद्राकडे, मग उत्तर तटानं उलट अमरकंटकाकडे. जबलपूरच्या अलीकडे ते माघात पोचणार होते आणि त्यांचे बूट फाटले होते. बूट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी एवढा ऐवज घेऊन मी इटारसीमार्गे जबलपूरला उतरले आणि ज्या गावात त्यांचा मुक्काम ठरला होता तिथल्या घाटावरच्या आश्रमात जाऊन थांबले. भाऊजींचा पत्ता नाही. फोन लागेना. थांबायचं तर खायचं कुठे आणि बसून करायचं काय? आश्रमातल्या काकींनी पहिल्याच सकाळी माझ्या हातात एक रिकामी बोरी दिली आणि म्हणाल्या, “चलो माताजी, मटर तोड़ लो.” काठावर आलेल्या प्रत्येक बाईला माताजी म्हणायची इथली रीत आहे. मी परिक्रमेत नाही, एक पाऊलही चाललेले नाही, हे सांगून पाहिलं. “हओ, हओ,” असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं.

शेत चारेक एकराचं. मालगुजारीच्या काळात एका घरानं ते घाटावरच्या आश्रमाच्या सदावर्तासाठी काढून दिलेलं. घर पुढे शहरात गेलं, शेत राहिलं. नाव मुद्दाम देत नाही. त्यांनीच सांगितलं, नाव छापलं की मोबाइल वाजायला लागतो.

सदावर्त म्हणजे शिजवलेलं अन्न नव्हे, कोरा शिधा. परिक्रमावासी दारात येऊन “नर्मदे हर” म्हणतो. त्याला पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची, थोडं तेल द्यायचं, आणि तो काठावर तीन दगड मांडून आपलं शिजवून घेतो. पुढच्या दिवसासाठी साठा करायचा नाही, हा चालणाऱ्यांचा नियम. जुन्या हिशेबानं परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. आता बहुतेक जण चार-सहा महिन्यांत संपवतात. अंतर दोन्ही तट धरून अडीच हजार किलोमीटरांच्या वर. एवढ्या वाटेवर खिशात पैसे न ठेवता माणूस चालू शकतो, कारण दर काही कोसांवर कुणीतरी पीठ मोजून ठेवलेलं असतं. आपण परिक्रमेची पुस्तकं वाचतो ती चालणाऱ्यांनी लिहिलेली. पीठ ठेवणाऱ्यांनी लिहिलेलं एकही मी पाहिलेलं नाही.

ते पीठ येतं कुठून, हे मला या शेतात कळलं. दोन एकर गहू, बांधालगत तूर, आणि उरलेल्यात मटार. गव्हाचं पीठ होतं, तुरीची डाळ. मटाराचा काही भाग भंडाऱ्याला जातो आणि बाकीचा मंडीत. त्या पैशातून शेतात न पिकणारं सगळं येतं: मीठ, तेल, चहापत्ती, काडेपेट्या. नांगरट ज्याचा ट्रॅक्टर मोकळा असेल तो करून देतो. पेरणी, राखण, तोडणी घराघरातून माणसं येऊन करतात. कुणाचे किती दिवस, याची वही मला कुठे दिसली नाही. मी विचारलं तेव्हा काकी हसल्या. वही आहे, पण ती परिक्रमावासीयांची. त्यांच्याकडे आपापली वही असते, तिच्यात मुक्कामाचा शिक्का मारून द्यावा लागतो. म्हणजे खाणाऱ्याची नोंद होते, राबणाऱ्याची नाही! आमच्या गावच्या श्रमदानात फोटो आधी निघतात आणि फावडं नंतर उचललं जातं, हे इथे आठवल्याशिवाय राहिलं नाही.

मटाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हिवाळ्यात जबलपूर म्हणजे मटार. जिल्ह्याचं नावाजलेलं पीक हेच. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या नावापुढे सरकारनं मटारच लिहिलाय. डिसेंबर-जानेवारीत पाटण-शहपुऱ्याकडून निघालेले ट्रक नागपूर, हैदराबाद, मुंबईपर्यंत जातात. आपल्या मंडईत त्या दिवसांत स्वस्त झालेल्या मटाराच्या ढिगात इथली शेंग असते, हे मला ठाऊक नव्हतं. हे पीक इथे असं फोफावण्याचं कारण पाणी. बरगीचं धरण 1990 च्या सुमारास भरलं, कालवे आले, मागोमाग बोअर आले, आणि पावसाळाभर शेत बुडवून ठेवणं लोकांना परवडेनासं झालं. खरिपात धान, मग मटार, मटार निघाला की उशिरा गहू, कुणाकुणाचा उन्हाळी मूगसुद्धा. हवेलीच्या बंधिया फुटत गेल्या. कक्कांच्या डोळ्यांत त्याचं दुःख आहे, पण त्यांचा मुलगा तीन पिकं घेतो आणि कक्का ती मोजतात. जबलपुरातलं कृषी विद्यापीठ 1964 चं. ‘जवाहर मटर’ या नावानं त्यांनी वाण काढले. पण माझ्या हातातल्या शेंगा कुठल्या वाणाच्या, असं विचारलं तर उत्तर मिळालं, “मीठे वाले.”

तोडणी दिसते तितकी सोपी नाही. डाव्या हातानं वेल धरायचा, उजव्यानं शेंग देठापाशी उलटी मोडायची. ओढली तर वेल उपटतो आणि पुढची तोड बुडते, कारण एका वेलावर दोन-तीन तोडी मिळतात. शेंग भरली की नाही हे बघून कळत नाही, बोटांनी दाबून कळतं. जानेवारीतल्या सकाळी दव इतकं की बोटांना स्पर्श समजायचं बंद होतं. शेजारच्या सऱ्यांमधल्या बाया बोलता बोलता, सुनेच्या माहेरची निंदा करता करता, बोरी भरून पुढच्या बांधाला टेकलेल्या असायच्या. मी निम्मी. त्यांच्यातल्या एकीनं माझी बोरी उचलून वजन पाहिलं आणि तिच्यात आपल्या ओटीतल्या दोन ओंजळी टाकल्या. मला बरं वाटावं म्हणून नव्हे. बोऱ्या सारख्या भरल्या तर ट्रॉलीत नीट बसतात.

दुपारी शेताच्या कडेला गोवऱ्या पेटवून गक्कड भाजत. कणकेचे जाड गोळे, निखाऱ्यात भाजलेले, वर वांग्याचं भरीत. आपल्याकडे विदर्भ-खानदेशातला माणूस त्याला लगेच आपला पाहुणा मानेल. मला स्वतःला त्यातलं भरीत आवडलं आणि गक्कड पोटात बराच वेळ बसून राहिला. शेवटी निखारे उरले की त्यावर अख्ख्या शेंगा टाकायच्या, सालं काळी झाली की दातांनी ओढून खायच्या. हे मात्र कुठल्याही हॉटेलात मिळालं तर मी परत जबलपूरचं तिकीट काढीन. शहरात खव्याच्या जिलबीचं फार नाव आहे. मी तीही खाल्ली. ती काळी असते, जड असते, आणि दोन खाल्ल्यावर माणूस गप्प होतो. तिच्यापेक्षा शेंगा बऱ्या.

अशाच एका दुपारी भाऊजींच्या मुलीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. बाबा पोचले का, हे विचारायला. मी शेत दाखवलं. ती आधी हसली आणि मग म्हणाली, “काकू, अगं मी पण हेच करते शनिवारी!” ती मॅसॅच्युसेट्सात बॉस्टनजवळ राहते. तिथे कॉनकॉर्ड गावात ‘गेनिंग ग्राउंड’ नावाचं एक शेत आहे, 1994 सालापासूनचं. पिकेल ते सगळं देऊन टाकतात, विकत काहीच नाहीत. भाजी जाते आसपासच्या फूड पँट्रींना. पँट्री म्हणजे गरजूंना शिधा देणारं कोठार. लेखक हेन्री थोरोचा जन्म झाला ते घर त्याच शेताला लागून. उन्हाळ्यात ऑफिसांतली, शाळांतली माणसं येऊन गाजरं उपटतात, धुतात, खोक्यांत भरतात. तिकडे ही गोष्ट रीतसर उभी राहिलेली. पहिली फूड बँक 1967 मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या माणसानं सुरू केली. दुकानांत टाकून दिलं जाणारं चांगलं अन्न गोळा करून ते वाटणाऱ्यांना पुरवायचं, ही त्याची युक्ती. पुढे ती जगभर गेली. पण डबाबंद अन्नात ताजी भाजी कमी, म्हणून मग अशी शेतं.

पुतणी तिकडून विचारत होती आणि मी इकडून. तिला कुतूहल की इथे घेणारा गरीब आहे की नाही हे कसं ठरवतात? ठरवतच नाहीत, मी म्हटलं. कालच एक निवृत्त इंजिनियर आपल्या बायकोसह पीठ घेऊन गेले, त्यांची गाडी पुण्याला बंगल्याखाली उभी आहे. ती जरा गप्प झाली. मग तिनं सांगितलं की त्यांच्या शेतात तिला सगळ्यात जास्त छळतो तो हा विचार, की आपण उपटलेलं गाजर घेणाऱ्या माणसाला ते घेताना लाजल्यासारखं होत असेल का. इथे हा प्रश्न उद्भवत नाही. इथे लाजायचं झालं तर ज्याच्या दारावरून परिक्रमावासी काही न घेता पुढे गेला त्यानं लाजायचं. कक्कांच्या शेजारच्या घराशी असं एकदा झालं म्हणतात, आणि ते अजून काढलं जातं.

मला हे फार थोर वाटलं. अजूनही वाटतं. पण ते थोरपण कशावर उभं आहे, तेही मला तिथेच दिसलं.

आधी भाऊजींचं सांगून टाकते. ते आले, दाढी वाढलेली, वजन उतरलेलं. बूट घातले. चटणी मात्र साठा होतो म्हणून घेतली नाही, ती काकींच्या कोठीत गेली. “वहिनी, तुम्ही इथे कामाला लागलात?” एवढंच त्यांनी आश्चर्य केलं. त्यांना मिळालेल्या शिध्यातली डाळ गेल्या वर्षीच्या, याच बांधावरच्या तुरीची होती. मी ते सांगितलं, त्यांनी हात जोडले, तेही डाळीला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेले. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते. त्या दिवशी त्यांना ग्वारीघाटावर पोचायचं होतं, आणि आम्ही मटाराच्या ट्रॉलीतून तिथेच निघालो होतो.

ग्वारीघाट त्या दिवशी पाहावा असा सल्ला मी कुणाला देणार नाही, कारण घाट दिसतच नाही. माणसं दिसतात. पानांच्या द्रोणांतून सोडलेले दिवे दिसतात. आणि भंडारे. चौकाचौकात कढया चढलेल्या: पुरी-भाजी, पुलाव, शिरा, खिचडी. रस्त्यानं चालणाऱ्याला अडवून द्रोण हातात कोंबतात. आमच्या मटाराच्या बोऱ्या अशाच एका मांडवात उतरल्या, चार पोरांनी तासाभरात सोलल्या, आणि पुलावात गेल्या. नदीच्या पलीकडे गुरुद्वारा आहे. गुरू नानक या काठावर आले होते, अशी श्रद्धा. नावेनं पलीकडे जायचं, लंगरमध्ये बसायचं, परत यायचं. परिक्रमावासीयांना नदी ओलांडता येत नाही, त्यामुळे भाऊजी अलीकडेच. मी गेले. तिथे कणीक मळणाऱ्यांत जागा मिळाली. अमृतसरपासून नांदेडपर्यंत ज्यानं लंगर पाहिलंय त्याला यात नवं काही नाही. एवढंच की भंडाऱ्यात वाढणारा वर उभा असतो आणि खाणारा खाली, लंगरमध्ये खाणाऱ्यांपैकीच कुणीतरी उठून वाढू लागतो. मला ती रीत जास्त पटते.

परत शेतावर आले तेव्हा सकाळी कक्कांना मी विचारलं, गहू कोण कापतं? मला वाटलं, गाव. तेव्हा त्यांनी चैतुआ लोकांचं सांगितलं. चैतात येणारे म्हणून चैतुए. मंडला, डिंडोरीच्या डोंगरातली गोंड माणसं, दमोहकडची माणसं, होळीनंतर सगळं घर गुंडाळून, तवा-पातेली, कोंबडी, तान्ही पोरं घेऊन हवेलीत उतरायची. कापणी महिनाभर. मजुरी पैशात नाही, धान्यात. परत जाताना बाईच्या डोक्यावर आणि पुरुषाच्या कावडीत वर्षातल्या कित्येक महिन्यांचा गहू. त्यांच्या डोंगरात कोदो-कुटकी पिकते, गहू इथूनच जायचा. कापून झालेल्या शेतात पडलेल्या ओंब्याही त्यांच्या पोरांच्या. आपण ज्याला सरवा वेचणं म्हणतो ते.

आता पंजाब-हरियाणातून हार्वेस्टर येतात. एकर अर्ध्या-पाऊण तासात मोकळा. चैतुए अजून येतात, पण कमी, आणि जिथे हार्वेस्टर पोचत नाही अशा तुकड्यांवर. यंत्रामागे ओंब्या उरतात, पण उरलेली नरवाई, म्हणजे धसकटं, पेटवून देतात, म्हणजे तो दरवाजाही बंद. याच मुलखात 1896-97 च्या दुष्काळात माणसं रस्त्यावर मेली होती, जबलपूरचं नाव त्या वेळच्या सरकारी अहवालांत वाईट तऱ्हेनं गाजलं होतं. आणि बरगीच्या पाण्याखाली मंडला, सिवनी, जबलपूर या तीन जिल्ह्यांतली 162 गावं आली. त्यातली कितीतरी माणसं जबलपुरात येऊन रिक्षा ओढू लागली. ज्या कालव्यानं आमच्या बोरीतला मटार पोसला त्याची किंमत ती आहे. रेशनवर आता माणशी पाच किलो धान्य मिळतं, 2023 पासून फुकट मिळतं, त्यामुळे उपासमारीची जुनी चित्रं पुन्हा दिसत नाहीत हे खरं. पण डाळ, तेल, भाजी रेशनवर नाही.

मी कक्कांना सरळ विचारलं. पुण्याच्या इंजिनियरला पीठ मिळतं. चैतुआ दारात आला तर? कक्का म्हणाले, तो मजुरी करतो, तो सदावर्त मागत नाही. मागितलं तर? तो मागणार नाही. आणि त्यानं “नर्मदे हर” म्हटलं तर? यावर कक्का थांबले. काकी मात्र आतून बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की सदावर्ताच्या गव्हाला त्या हार्वेस्टर लावू देत नाहीत. दर चैतात यावरून घरात भांडण होतं, कारण यंत्र स्वस्त पडतं आणि अवकाळी पावसाची भीती असते. पण ते दोन एकर विळ्यानंच कापायचे, चैतुआ घरांना बोलावून, मजुरी धान्यात, आणि सरव्याला हात लावायचा नाही, पेटवायचा तर मुळीच नाही. “मैया के खेत में मशीन काए खों?” एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

रोह्याच्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी स्वाध्याय परिवारात योगेश्वर कृषीची कल्पना रुजवली होती. गावानं एक शेत घ्यायचं, घराघरानं वर्षातले थोडे दिवस पुजारी म्हणून तिथे राबायचं, पीक कुणा एकाचं नाही, ते गरजूंकडे प्रसाद म्हणून जायचं. गुजरात-महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ती शेतं उभी राहिली. त्यामुळे मराठी वाचकाला सदावर्ताचं शेत ऐकून अगदीच नवल वाटू नये. मला वाटलं ते काकींच्या त्या दोन एकरांचं. परिक्रमावासीयाला देणं सोपं आहे. तो पुण्य घेऊन येतो, हात जोडतो, फोटो काढतो, पुढे पुस्तकही लिहितो. मजुराला देताना त्यातलं काही मिळत नाही, आणि तरीही द्यायचं असेल तर ते यंत्र न लावण्यासारख्या तोट्याच्या निर्णयातूनच देता येतं. त्या शेतातलं मला सगळ्यात मोठं वाटलं ते हे. पिठाची कोठी त्याच्या खालच्या पायरीवर.

जायचं मनात असेल तर मटाराच्या शेवटच्या तोडी माघात नर्मदा जयंतीच्या आसपास चालू असतात. शहपुऱ्याकडच्या कुठल्याही घाटावर विचारा, हाताला काम मिळेल, राहायला ओसरी मिळेल. ऊबदार हातमोजे नेऊ नका, त्यात शेंग कळत नाही. रोख देणगीपेक्षा मीठ, तेल, चहापत्ती न्या, ते शेतात पिकत नाही. आणि सवड असेल तर माघाऐवजी चैतात जा. ऊन कडक असतं, फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण विळ्यानं कापायच्या त्या दोन एकरांना तेव्हाच माणसं कमी पडतात.